गिरणीवरून बायला

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुला कोकणकन्येत बसवून घरी आलो तर आई विचारते, चेडू रुसून गेलं काय? म्हटलं, रुसली नाही, झोप आली होती तिला. आईला ते पटलं नाही. चतुर्थीला मोदकाची उकड काढताना सगळ्यांदेखत तू म्हणालीस, "बाबा, आपल्या गिरणीचं तांदळाचं पीठ ग्लूटेन-फ्री नाही," ते मला लागलं. आजीला तर फारच. "आमच्या वेळार चपाती पावणो इलो तरच. गव्हान कोणाचा काय केल्यान?" हे तिचं अजून चालू आहे.

पण तुझ्या बोलण्यात खोट नव्हती. त्याच दगडांवर गहू आणि मागोमाग तांदूळ, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन तांदळात येणारच. बाजरीनंतर तांदूळ घातला तर पीठ काळं येतं म्हणून बायका कुरकुरतात, मग पहिला पसाभर मी बाजूला काढतो. गव्हानंतर कोण बोलतं? आणि तू सांगतेस, किलोला 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नको. माझा काटा 10 ग्रॅमच्या खाली काही दाखवतच नाही.

ते राहू दे. मला विचारायचंय ते वेगळंच. सिलिअ‍ॅकच्या, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसणाऱ्या पेशंटला कसं वाटतं ते कळावं म्हणून तू गहू सोडलास म्हणालीस. एवढंच ना? गाडीत चढताना तुझं मनगट हातात आलं, म्हणून विचारतो.

इंटर्नशिपला लागल्यापासून तू फोनवर सांगतेस ते मी गिरणीत सगळ्यांना ऐकवतो. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडात पाव मिळेनासा झाला तेव्हा सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली, पाव परत आला तशी पुन्हा खंगली, ही गोष्ट तर दळण टाकून थांबलेल्या प्रत्येकाला. गव्हाचं दळण घेऊन आलेल्यांना ही गोष्ट सांगणारा गिरणीवाला जिल्ह्यात दुसरा नसेल. हसतात. पण विचारतातही, चेडू डॉक्टर झालं काय? मी म्हणतो, आहारतज्ज्ञ, डॉक्टर तिला विचारून लिहितात. थोडं वाढवून सांगतो, चालेल ना?

बाहेर जेवताना सुरमई रव्यातली घेऊ नकोस, तांदळाच्या पिठातली माग. मेतकुटात गहू असतो. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाच, त्यात कणीक असते. वड्यांच्या पिठात काकी मूठभर गहू टाकते, ते विचारून घे. बघ, तू शिकवलेलं तुलाच वाचून दाखवतोय. राग मानू नको.

लहानपणी तू गोणींवर बसून अभ्यास करायचीस, पापण्यांवर पीठ. शाळेतून लोहाच्या गोळ्या यायच्या, तरी रक्त काही वाढत नसे. जंताचं औषध झालं, बीट झालं, आजीने नाचणीची आंबील पाजली. पोट दुखतं म्हणालीस की आई म्हणायची, शाळा चुकवायची आहे. परवा तू त्या वॉर्डातल्या मुलीबद्दल सांगत होतीस, उंची वाढत नाही, गोळ्या घेऊनही रक्त कमीच, आणि मी मध्येच फोन आईकडे दिला. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

तुला तेच तर नाही ना?

तूच सांगितलंस की तपासणीआधी गहू बंद केला तर रक्तात काही सापडत नाही, रिपोर्ट चांगला येतो आणि आजार आत तसाच राहतो. मग हे तुला लागू नाही का? तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणी सांग, ते म्हणतील तितके दिवस चपाती खा आणि मग रक्त दे. मनाने काही करू नकोस. निघाला तर सख्ख्या माणसांनीही तपासून घ्यायचं असतं ना? मी देतो रक्त, धाकट्यालाही आणतो. आईला सुईची भीती आहे, तिचं मी बघतो.

कुडाळात घरघंटीची किंमत विचारून आलो. फक्त तांदळासाठी, वेगळी ठेवायची. महाग आहे, पण बघू. तोवर आजीने जात्यावर दळलेलं पीठ वाडीतला एकजण मुंबईला येतोय त्याच्याकडे देतोय. आजीनेच काढलं हो, कोणी न सांगता. घावणे कर. रूममधल्या मुलींच्या कणकेचा चमचा त्यात घालू नकोस.

तपासणीचं काय ठरलं ते मला कळव. घरच्या फोनवर नको, माझ्या मोबाईलवर कर, दुपारी दोननंतर. तेव्हा गिरण बंद असते, नीट ऐकू येतं.

तुझे बाबा