कोड इंजिनाच्या वेगाचा, बदलला सेन्सर गिअरबॉक्सचा: चुकीच्या निदानाबाबत तक्रार

प्रति,
माननीय प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मिळणाऱ्या इंजिन स्पीड संकेतातील दोष न शोधता सुटा भाग बदलल्याबाबत आणि गिअरबॉक्स बदलण्याच्या शिफारशीबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची माझी ऑटोमॅटिक गाडी इंजिन पूर्ण तापल्यानंतर अधूनमधून लिम्प मोडमध्ये, म्हणजे बिघाड जाणवल्यावर गिअर मर्यादित ठेवणाऱ्या संरक्षक अवस्थेत, जाते. चालत्या गाडीत टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाचा) काटा क्षणभर शून्यावर येतो, जोराचा झटका बसतो आणि त्यानंतर गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकून राहते. अशा वेळी चढावर थांबून पुन्हा निघायचे म्हटले की गाडी उठत नाही, आणि मागून येणाऱ्या वाहनांच्या दृष्टीने ही बाब धोक्याची आहे. इग्निशन बंद करून पुन्हा चालू केले की सर्व पूर्ववत होते. आपल्या अधिकृत सेवा केंद्रात स्कॅनरवर पी०७२५ हा बिघाडाचा कोड आला, गिअरबॉक्सवरील इनपुट शाफ्टचा स्पीड सेन्सर बदलण्यात आला आणि त्याचे बिल मी भरले. दोष पुन्हा उद्भवल्यावर आता संपूर्ण गिअरबॉक्सच बदलावा लागेल, असे मला सांगण्यात येत आहे. या निदानाला माझी स्पष्ट हरकत आहे.

पी०७२५ हा कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटकडे येणाऱ्या इंजिनाच्या वेगाच्या संकेताविषयी आहे. इनपुट शाफ्टच्या सेन्सरसाठी पी०७१५ आणि आउटपुट शाफ्टच्या सेन्सरसाठी पी०७२० असे वेगळे कोड आहेत, आणि यांपैकी एकही माझ्या गाडीत नोंदला गेलेला नाही. इंजिनाचा वेग आणि टर्बाइनचा, म्हणजेच इनपुट शाफ्टचा, वेग यांतील फरकावरून टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती द्रवामार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) किती घसरतो आहे हे कंट्रोल युनिट ठरवते व त्यानुसार ही घसरण थांबवणारा लॉक-अप क्लच लावते किंवा सोडते. इनपुट शाफ्टचा वेग गिअरबॉक्सवरच मोजला जातो. इंजिनाचा वेग मात्र क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) सेन्सरवरून इंजिनाच्या ईसीयूकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटकडे, आणि तेथून पुढे गिअरबॉक्सच्या युनिटकडे जातो. आपल्याच सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृतीनुसार या मॉडेलमध्ये हा संकेत स्वतंत्र वायरने येतो आणि तिचीच एक शाखा टॅकोमीटरकडे वळते. जॉब कार्डवर केवळ ‘स्पीड सेन्सर बदलला’ एवढेच लिहिले आहे. कोणता सेन्सर आणि कोणत्या चाचणीच्या आधारे, याचा उल्लेख नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार झाला.

आपल्या तंत्रज्ञांसोबत घेतलेल्या चाचणी फेरीत मी शेजारी बसून स्कॅनरचा पडदा पाहत होतो. दोष आला त्या क्षणी गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये इंजिनाचे आरपीएम शून्य दिसत होते, परंतु इनपुट शाफ्टचे आरपीएम १,४०० च्या आसपास स्थिर होते. म्हणजे ज्या सेन्सरवर संशय घेतला गेला तो आपले काम करीत होता. इंजिनही ना अडखळले, ना बंद पडले. क्रँकशाफ्टचा सेन्सरच निकामी झाला असता तर इंजिनाच्या ईसीयूत पी०३३५ सारखा कोड नोंदला जाण्याची अपेक्षा होती, तोही नाही. संकेत ईसीयूपर्यंत नीट पोहोचतो आणि त्यापुढे कोठेतरी तुटतो, हाच याचा सरळ अर्थ आहे. टॅकोमीटरचा काटाही त्याच क्षणी पडत असल्यामुळे खंड शाखा फुटण्याच्या अलीकडेच असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

सेन्सर बदलण्यासाठी बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्यावर त्याखालची हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) जोडणी उघडावी लागली, तेव्हा तिच्या एका पिनवर हिरवट गंज चढलेला मी स्वतः पाहिला. तंत्रज्ञांनी फडक्याने पुसून जोडणी पुन्हा बसवली. जॉब कार्डवर त्याची नोंद नाही. त्यानंतर काही काळ गाडी बरी चालली, याचे श्रेय नव्या सेन्सरला देण्यात आले. परंतु गंजलेली पिन काढून पुन्हा बसवली की संपर्क तात्पुरता सुधारतो आणि उष्णता व कंपनाने पुन्हा बिघडतो, ही गोष्ट वायरिंगचे काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

गिअरबॉक्समध्ये यांत्रिक बिघाड असल्याचा कोणताही पुरावा मला दाखवण्यात आलेला नाही. गिअरचे गुणोत्तर चुकल्याचा पी०७३० कोड नाही, ऑइलला जळका वास नाही आणि लिम्प मोड नसताना सर्व गिअर सुरळीत पडतात. असे असताना एवढी महागडी शिफारस कशाच्या आधारे करण्यात आली, याचा लेखी खुलासा आपण करावा.

माझी मागणी अशी आहे की, इंजिन तापलेले असताना ईसीयूच्या टोकाला आणि गिअरबॉक्स युनिटच्या टोकाला एकाच वेळी ऑसिलोस्कोप (विद्युत संकेताचा आलेख दाखवणारे उपकरण) लावून, हार्नेस हलवत, हा संकेत तपासावा. पहिल्या टोकाला संकेत असून दुसऱ्या टोकाला तो नाहीसा होत असेल, तर मधली वायर किंवा जोडणी दुरुस्त करावी. दोन्ही टोकांना तो अखंड असूनही युनिट शून्यच दाखवत असेल, तर युनिटचे अर्थिंग आणि इनपुट तपासावे. त्याही स्थितीत गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण उरत नाही. या चाचणीची मोजमापे, कोड नोंदला गेला त्या क्षणी युनिटने साठवलेल्या मूल्यांचा म्हणजे फ्रीझ फ्रेमचा तपशील आणि काढून घेतलेला जुना सेन्सर मला मिळावा. अनावश्यक बदललेल्या सेन्सरची किंमत व मजुरी परत करण्यात यावी आणि गिअरबॉक्स बदलण्याची शिफारस लेखी मागे घेण्यात यावी.

चाचणीच्या वेळी मी उपस्थित राहू इच्छितो, म्हणून तिची वेळ मला आगाऊ कळवावी. तोपर्यंत माझ्या लेखी संमतीशिवाय गाडीचा कोणताही भाग बदलू नये किंवा नोंदलेले कोड पुसू नयेत.

आपला,
तक्रारदार ग्राहक

सोबत: जॉब कार्ड व बिलाची प्रत