चौघांना एकाच खोलीत वाजवू द्या: जॅझ अल्बमसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या संगीत मंडळाचा पहिला जॅझ अल्बम आकाराला येतो आहे. ८ नव्या रचना, सगळ्या मंडळातल्याच एका टेनर सॅक्सोफोन वादकाच्या. साथीला पियानो, डबल बास आणि ड्रम्स. दीड वर्षाच्या तालमींनंतर रचना छान बसल्या आहेत. घोडं अडलंय ते ध्वनिमुद्रणापाशी.

कमी खर्चाची वाट आहे. प्रत्येकाने कानात क्लिक (लय धरून ठेवणारी एकसारखी टकटक) घेऊन आपापला भाग एकेकट्याने वाजवायचा आणि नंतर सगळं जुळवायचं. एक रचना आम्ही तशी करूनही पाहिली. सूर बरोबर, लय बरोबर, पण ऐकवेना. सोलोमध्ये सॅक्सोफोनने एखादी ओळ अर्ध्यावर सोडावी, पियानोने ती झेलावी, ते ऐकून ड्रमरने ब्रश ठेवून काठ्या उचलाव्यात, यातलं काहीच त्यात नव्हतं. अमेरिकन जॅझ सॅक्सोफोन वादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीने ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम ९ डिसेंबर १९६४ रोजी एकाच दिवसात मुद्रित केला, कारण ते चौघं वर्षानुवर्षं एकत्र वाजवत होते. आम्ही ४ दिवस धरले आहेत.

एकत्र वाजवण्याची किंमत मोजावी लागते. सॅक्सोफोनच्या मायक्रोफोनमध्ये ड्रम्सही शिरतात, त्यामुळे चुकलेला एक सूर मागाहून बदलता येत नाही. अख्खा टेक पुन्हा घ्यावा लागतो. शिवाय या वाद्याचा आवाज फक्त पुढच्या कर्ण्यातून येत नाही, नळीवरच्या उघड्या छिद्रांतूनही येतो. मायक्रोफोन किती लांब, कोणत्या कोनात, हे ठरवण्यातच पहिली सकाळ जाईल. आमचा वादक तेवढ्या वेळात रीड निवडत बसेल. वेताची ती पातळ पट्टी जिभेवर ओली करायची, उजेडात धरायची, दोन सूर फुंकायचे, बाजूला ठेवायची. १० रीडच्या डबीतून त्याच्या मनासारख्या निघतात दोन किंवा तीन. ही घाई करण्याची गोष्टच नव्हे.

जमणाऱ्या निधीतून मोठ्या खोलीच्या स्टुडिओचं भाडं, ध्वनिमुद्रकाचा मेहनताना, रोज सकाळी पियानो सुरात लावणं, मिक्सिंग आणि मास्टरिंग एवढं भागवायचं आहे. वादक म्हणाले, आमचं राहू द्या. मंडळाला ते मान्य नाही. त्यांचं मानधन आम्ही खर्चात धरलेलं आहे आणि ते दिलं जाईलच.

लहान-मोठी कोणतीही देणगी चालेल. कुणाकडे चांगला रिबन मायक्रोफोन किंवा डबल बास नेण्याची भक्कम पेटी असेल, तर ४ दिवसांपुरती उसनी द्या, जिवापाड जपू. आणि काहीच देता आलं नाही तरी शेवटच्या तालमीला येऊन बसा. समोर ऐकणारे असले की हे चौघे वेगळंच वाजवतात.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल. अल्बम प्रकाशनाआधी देणगीदारांच्या हाती पडेल आणि हरकत नसेल तर त्यांचं नाव वेष्टणाच्या आतल्या बाजूला छापलं जाईल. हिशेब मंडळाच्या सभेत मांडू. पुरेशी रक्कम न जमल्यास ज्याचे पैसे त्याला परत केले जातील.

आपलं,
संगीत मंडळ