काळजी करू नका, अभ्यास चाललाय

लीड्स,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं "जेवलीस का" आणि "झोपलीस का" यातच संपतं. त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या, गॅलरीतून कुणाची तरी हाक. म्हणून बाबांनी त्या दिवशी माझ्या परीक्षेबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट राहिलं, ते आज कागदावर लिहिते. पोस्टानं पोचायला वेळ लागेल म्हणून पिंट्याच्या मोबाइलवर फोटोही टाकते. पण बाबा, तुम्ही कागदच वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

मी बरी आहे. चार वाजता अंधार होतो हे ऐकून आई घाबरली, पण रस्त्यावर दिवे असतात आणि बस जवळच थांबते. वजन उतरलेलं नाही. त्या फोटोत अंगावर जाड कोट नव्हता, एवढंच. किर्कगेट मार्केटात मासेवाल्यांची अख्खी गल्ली आहे, तिथे बांगडा मिळतो, आणि लालबागचा मसाला अजून पुरतोय. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या रात्री मी ड्यूटीवर होते, प्रत्येक ब्रेकला फोन बघत होते, पिंट्याला विचारा हवं तर. थेंबांच्या वेळा चुकवू नका. डोळा चोळू नका.

आता परीक्षेचं. "तू नर्स आहेसच, मग परत कसली परीक्षा?" असं बाबा म्हणाले. मुंबईत मी नर्स होते. इथे मी केअर असिस्टंट आहे, आणि नर्स व्हायचं तर एनएमसी म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव चढावं लागतं. त्यासाठी इंग्रजीचा पुरावा, संगणकावरचा एक पेपर आणि प्रत्यक्ष हाताने करून दाखवायची परीक्षा, एवढं लागतं. वरिष्ठ नर्सनं लेखी दिलं तर इंग्रजीच्या पुराव्याला त्याचा आधार घेता येतो अशी एक वाट २०२३ पासून निघालीय, पण आमचं होम वृद्धांच्या राहण्याचं आहे, तिथे रजिस्टरवरची नर्सच नोकरीला नाही. डिस्ट्रिक्ट नर्स बाहेरून येऊन इन्सुलिन आणि ड्रेसिंग करून जाते. तेव्हा मला परीक्षाच द्यायची आहे.

इंग्रजीच्या पुराव्यासाठी मी ओईटी ही परीक्षा निवडली. आयईएल्ट्स ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षाही चालते, पण ओईटी आपल्या धंद्यातलीच आहे. लिहिण्याच्या पेपरात पेशंटचे केसपेपर हातात देतात. पहिली ५ मिनिटं नुसतं वाचायचं, मग ४० मिनिटांत दुसऱ्या डॉक्टरला, नर्सला किंवा फिजिओथेरपिस्टला पत्र लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्दांत. बोलण्याच्या परीक्षेत समोरची व्यक्ती पेशंट होते किंवा पेशंटचा नातेवाईक, आपण नर्स. ३ मिनिटं तयारी, ५ मिनिटं संवाद, असं दोनदा. ऐकण्याची ध्वनिफीत एकदाच लावतात. वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत ५०० पैकी ३५० लागतात, लिहिण्यात ३०० चालतात. मला लिहिण्याची भीती नाही. बाबांना पत्रं लिहून हात तयार झालाय. फक्त तिथे काय गाळायचं हे ठरवावं लागतं. पंधरा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स आणि आजोबांना आवडणारी क्रिकेटची मॅच, दोन्ही केसपेपरात लिहिलेली असतात. फिजिओथेरपिस्टला त्यातलं काय हवंय हे ज्याला कळलं त्याचं पत्र चांगलं.

आणि बाबा, तुम्ही जे शेवटी म्हणालात ना, की पोरीला इंग्लिश मीडियमला घातलं असतं तर ही वेळ आली नसती, ते परत म्हणू नका. मला त्या रात्री झोप लागली नाही. पालिकेच्या शाळेत मी पाचवीला एबीसीडी गिरवली, आणि पुढच्याच वर्षी, २००० साली, सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं, म्हणून पिंट्याला ते लवकर मिळालं. यात तुमचा काय दोष? माझ्या खोलीशेजारची केरळची मुलगी दहावीपर्यंत मल्याळममध्ये शिकली. ती ओईटी पास होऊन आता मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. रविवारी ती माझी पेशंट होते आणि मी तिची समजूत काढते, अशी आमची तयारी चालते.

उलट मराठी शाळेचा मला उपयोग होतोय. बाईंनी व्याकरणातले प्रयोग इतके घोकून घेतले होते की कर्ता मागे ठेवून काम पुढे आणायचं वाक्य मला सहज जमतं. इथल्या पत्रात "मी ड्रेसिंग बदललं" यापेक्षा "ड्रेसिंग बदललं गेलं" अशीच वाक्यं जास्त लागतात. त्रास होतो तो 'अ' आणि 'द' यांचा, कारण आपल्याकडे ती भानगडच नाही. शाळेत त्याचा अर्धा मार्क जायचा. इथे त्यावर दुसऱ्याची धावपळ ठरते. पेशंटच्या टाचेवर बेडसोअर आहे आणि रोजच्या नोंदीत मी 'अ वूंड' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल नवीन जखम झाली. मग नवीन बॉडी मॅप, म्हणजे जखमेची जागा दाखवायचा शरीराचा नकाशा, भरा, घरच्यांना कळवा, नर्सला बोलवा. 'द वूंड' म्हणजे तीच, आधीची. हे एकदा असं समजल्यावर मला 'द' कुठे लागतो ते पाठ करावं लागलं नाही.

काळाचंही तसंच. आपल्याकडे वॉर्डात पाळी बदलताना पेशंटची माहिती, म्हणजे ओव्हर, द्यायचो ती मराठीत आणि हिंदीत, इंग्रजी फक्त औषधांच्या नावांपुरती. मागे आमच्या एका आजींना नाश्त्यापासून उलट्या होत होत्या. त्या इन्सुलिनवर आहेत. डिस्ट्रिक्ट नर्सला फोन मी लावला. "शी व्हॉमिटेड" म्हटलं तर इथल्या कानाला ते झालं आणि थांबलं असं ऐकू येतं. मी म्हटलं, "शी हॅज बीन व्हॉमिटिंग सिन्स ब्रेकफास्ट." म्हणजे सुरू झालं आणि अजून चालूच आहे. तिनं लगेच विचारलं, साखर किती आली, पोटात काय राहिलं, शुद्धीवर आहेत ना, आणि मी इन्सुलिनच्या वेळेची वाट न बघता आत्ता निघते म्हणाली. आजी आता बऱ्या आहेत. त्या दिवसापासून मी हा काळ पेपरासाठी शिकत नाही, बाबा.

इथले म्हातारे मात्र पुस्तकाप्रमाणे बोलत नाहीत, हेही सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मला कळत नाही म्हणून मी मागे पडतेय. हा यॉर्कशर भाग. मी 'द' शिकण्यासाठी एवढा जीव काढते आणि हे लोक तो गिळतात, घशात नुसता एक झटका येतो. 'आय वॉज' ऐवजी 'आय वेअर' म्हणतात. एक आजोबा सकाळी म्हणाले, "आय वेअर अप व्हाइल फोर, लव्ह." इथे 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. आजोबा पहाटे चारपर्यंत जागे होते. मी नोंदीत 'अंटिल फोर' लिहिलं आणि गुडघा दुखत होता का ते विचारलं. दुखत होता. आणि 'लव्ह' सगळ्यांनाच म्हणतात, बसचा ड्रायव्हरसुद्धा. आईनं त्याचं काही मनावर घेऊ नये.

आई, तुला इथल्या चहाबद्दल सांगायचंय, कारण ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. स्टाफरूममध्ये कुणी किटली लावायला उठलं की त्यानं खोलीतल्या प्रत्येकाला विचारायचं. स्वतःपुरता कप करून आणणं फार वाईट दिसतं. चहा उकळत नाहीत. कपात पिशवी, वर पाणी, पिशवी पिळून टाकायची, मग फ्रीजमधलं गार दूध. आलं नाही, वेलची नाही. पण प्रत्येकाची तऱ्हा लक्षात ठेवावी लागते. एकीला दूध थेंबभर, एकाला विटकरी रंग येईपर्यंत पिशवी तशीच हवी, एकाला साखर दोन चमचे, पण त्याच्या बायकोसमोर एकच. पुढच्या वेळी दुसऱ्यानं उठायचं. कुणी हिशेब ठेवत नाही म्हणतात, पण कुणाची पाळी आहे ते सगळ्यांना बरोबर माहीत असतं. एवढं करून अर्धे कप तसेच गार होतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. एक आजोबा गेले तेव्हा त्यांच्या मुलीला बसवून मॅनेजरनं आधी चहा केला, मग कागद काढले. तिनं घोटभरही घेतला नाही. तरी चहा करायचाच. मी आता सगळ्यांचा करते, आणि माझ्यासाठी खोलीवर येऊन तुझ्यासारखा आलं घालून उकळते.

तर हा चहा विचारताना "डू यू वॉन्ट शुगर" ऐवजी पुष्कळदा "डिड यू वॉन्ट शुगर" म्हणतात. साखर आत्ता घालायची आणि क्रियापद भूतकाळात. मॅनेजरकडून आजच सुट्टी हवी असली तरी "आय वॉज वंडरिंग" अशीच सुरुवात. सुरुवातीला हे मला चमत्कारिक वाटायचं. मग एकदा रात्रपाळीत लक्षात आलं की आपण तरी काय करतो? पलीकडच्या काकू दारात उभ्या राहून "जरा काम होतं तुझ्याकडे" म्हणतात. काम आत्ताच असतं, पण 'आहे' म्हटलं तर समोरच्याच्या गळ्यात पडल्यासारखं होतं. 'होतं' म्हणून थोडं लांब उभं राहायचं, म्हणजे त्याला नाही म्हणायला जागा राहते. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत हेही बघतात, पेशंटला हुकूम न सोडता कसं विचारता, त्याचं म्हणणं ऐकून घेता का. ते मला चाळीनं शिकवलंय. म्हणून म्हणते, मीडियमचं मनातून काढा.

परीक्षा डिसेंबरात आहे. नाइट संपली की झोपून उठते आणि हेडरोवरच्या सेंट्रल लायब्ररीत बसते. तिथे ऊब असते, पैसे पडत नाहीत. जागरणानं तब्येत खराब होईल म्हणू नका, मुंबईतही नाइटच करत होते.

आता पैशांचं. शुक्रवारी ४० हजार पाठवलेत, ते पिंट्याच्या लग्नाच्या हॉलच्या ॲडव्हान्ससाठी. परीक्षेची फी मी वेगळी साठवली होती, त्याचा लग्नाच्या पैशांशी काहीही संबंध नाही. पिंट्याला तसं वाटलं असेल तर त्याला सांगा, किंवा मला फोन करायला सांगा. पतपेढीचं सोनेतारण मार्चपर्यंत फिटेल, म्हणजे आईच्या पाटल्या लग्नाआधी हातात येतील. तिनं बेंटेक्सच्या घालून मांडवात उभं राहायचं नाही, हे मी आत्ताच सांगते.

तारखेचं असं आहे. मुलीकडच्यांना फेब्रुवारी हवाय, पण माझी नवीन वर्षाची रजा एप्रिलपासून सुरू होते आणि या वर्षाची उरलेली नाही. पुढच्या वर्षी १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, तेव्हा त्याआधीचा, एप्रिलअखेरचा किंवा मेच्या पहिल्या आठवड्यातला मुहूर्त निघतो का, एवढं गुरुजींना विचारा. नाहीच जमलं तर माझ्यासाठी अडवून धरू नका. करवली म्हणून मावशीच्या मुलीला उभी करा, साडी मी घेईन. पण आधी विचारा.

मोठी बिनलग्नाची आणि धाकट्याचं आधी, असं चाळीत कोण बोलतं ते मला माहीत आहे. आई, तू त्यांना उत्तर देत बसू नकोस. डोंबिवलीच्या स्थळाला स्पष्ट सांगा की मुलगी रजिस्टरवर नाव लागेपर्यंत परत येणार नाही. त्यांना थांबायचं असेल तर थांबू देत, नसेल तर मला राग नाही. तुम्ही दोघं मात्र माझ्यासाठी थांबताय हे मला कळतं. ते कसं फेडू ते कळत नाही, म्हणून अभ्यास करते.

पिंट्याला आणि होणाऱ्या वहिनीला आशीर्वाद. काकूंना नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. पाटल्या सोडवायला जाल तेव्हा आईनं एकटीनं जाऊ नये, पिंट्याला बरोबर घ्या. तारणाची पावती कपाटात बाबांच्या पेन्शनच्या फायलीत आहे. वजन समोर करून घ्या आणि मगच सही करा.