कल्याणीला किडनी मी देतोय

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका. आणि आई, तू आधी जेवून घे. फोनवर हा विषय काढला की तू रडायला लागतेस, मग बाबा फोन घेतात आणि "बरं, बरं" म्हणून ठेवून देतात. म्हणून लिहायला बसलोय.

कल्याणीला, तुमच्या सुनेला, किडनी मी देतोय. सगळ्या तपासण्या झाल्या, जुळल्या, सह्या झाल्या, हॉस्पिटलच्या समितीची मंजुरीही हातात आली. दत्तजयंतीनंतरच्या मंगळवारी ऑपरेशन आहे.

तुम्हाला विचारून ठरवलं नाही, ठरवून सांगतोय. तुम्हाला लागणार हे ठाऊक आहे. पण विचारलं असतं तर "हो" म्हणणं तुमच्या जिवावर आलं असतं, आणि "नको" म्हणाला असतात तर ते ओझं जन्मभर तुमच्या उरावर राहिलं असतं. कल्याणी चहाचा कप हातात देताना प्रत्येक वेळी तुम्हाला ते आठवलं असतं. ते तुमच्यावर येऊ नये असं मला फार वाटत होतं.

दुसरं कोणी नव्हतं का, असं बाबा नक्की म्हणतील. कल्याणीचा रक्तगट ओ, म्हणजे देणाराही ओच लागतो. तिच्या भावाचा बी. तिच्या आईचा ओ आहे, पण त्यांना शुगर, आणि शुगर असलेल्या माणसाची किडनी डॉक्टरांनी घेतली नाही. झेडटीसीसीच्या, म्हणजे गेलेल्या माणसांचे अवयव रुग्णांना वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव आहेच, पण त्या यादीत वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं आहेत. राहिलो मी. बाबा, तुमचाच रक्तगट मला आला, त्याचा असा उपयोग होईल असं कोणाला वाटलं होतं!

आणि आई, तू. गणपतीत तू मला स्वयंपाकघरात बोलावून, बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालीस, "माझी चालत असेल तर माझी घ्या, मला आता काय करायचीय." मी तेव्हा काही बोललो नाही, कारण बोलता आलं नाही. परत आल्यावर मी खरंच विचारून आलो. कायद्यात जवळच्या नातेवाइकांची यादी आहे: नवरा-बायको, आईवडील, भाऊबहीण, मुलं, आजीआजोबा, नातवंडं. सासू त्यात नाही. पण त्याच कायद्यात, 1994 च्या, आणखी एक वाट आहे. यादीबाहेरचं माणूससुद्धा प्रेमापोटी, जिव्हाळ्यापोटी अवयव देऊ शकतं, फक्त समितीसमोर जाऊन ते खरं आहे, पैशाचा व्यवहार नाही, हे पटवून द्यावं लागतं. सरकारी कायद्यात असं काही लिहिलेलं असेल हे मला माहीतच नव्हतं. तू समितीला दोन मिनिटांत पटवलं असतंस. पण तुझं वय आणि तुझं बीपी बघून डॉक्टर नाहीच म्हणाले. तेव्हा आता त्याची रुखरुख लावून घेऊ नकोस. कल्याणीला मी हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिली. एरवी नळ सोडून भांडी घासणारी ती नाही, तुला माहीत आहे.

लग्नाचा अल्बम मागवून घेतला तो यासाठीच. नवराबायकोत किडनी द्यायची तर लग्नाचा दाखला, लग्नाचा फोटो, मुलाचा जन्मदाखला, सगळ्या कुटुंबाचा फोटो, असं सगळं लावावं लागतं. बाबांचा फेटा डोळ्यांवर आलाय तो फोटो आता सरकारी फायलीत आहे. मग मला एकट्याला आत बोलावलं, समोर कॅमेरा. कोणी दबाव आणला का, पैसे कबूल केले का, धोका समजावून सांगितलाय का, सगळं विचारलं. शेवटच्या क्षणीही मागे फिरता येतं, कोणी कारण विचारणार नाही, असंही सांगितलं. मग एका बाईंनी विचारलं, का देताय? घरून उत्तरं ठरवून गेलो होतो, चिनू लहान आहे वगैरे. पण तोंडून निघालं, "मला ती हवी आहे." आपल्या घरात असलं कोणी कोणाला म्हणत नाही. तुमच्यासमोर तर मी जन्मात बोललो नसतो. पण खरं कारण तेच आहे, आणि ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं.

आत्या फोनवर तुम्हाला काय म्हणाली ते ताईनं सांगितलं मला. बायको काय, दुसरीही मिळते, म्हणाली. तिचा राग धरू नका. तिच्या पोटात माझी काळजी आहे आणि तिच्या वाट्याला जे आलं त्यातून ती तसं बोलते. पण तिला एवढंच सांगा की हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर मी बसतो तेव्हा बघतो, नवऱ्याला किडनी द्यायला आलेली बायको, मुलाला द्यायला आलेली आई, भावाला द्यायला आलेली बहीण. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच कितीतरी जास्त. कल्याणीच्या जागी मी असतो आणि ती द्यायला निघाली असती, तर आत्यानं तिला सावित्री म्हटलं असतं आणि पाटावर बसवून ओवाळलं असतं. मग मी देतोय त्यात एवढं काय बिघडलं?

डायलिसिस म्हणजे काय हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, घाबराल म्हणून. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. हाताच्या दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलाय, तिथं दोन जाड सुया टोचतात. त्या जागी हात ठेवला की आत सतत थरथर लागते. चिनू तिथं कान लावतो आणि सांगतो, आईच्या हातात मधमाशी आहे. घरी आल्यावर ती नुसती पडून असते, आणि दुसऱ्या दिवशी जरा माणसात येते तोवर पुन्हा जायची वेळ. पाणी दिवसाला मोजून. सकाळी ती एका बाटलीत दिवसाचं पाणी भरते, चहा, औषधाचा घोट, वरणाचं पाणी, सगळं त्यातून वजा करत जाते. उन्हाळ्यात तोंडात बर्फाचा खडा धरून बसायची. भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून मग फोडणीला. केळं नाही, शहाळं नाही. आई, तू पाठवलेली घेवड्याची उसळ ती खायची नाही आणि तू मनाला लावून घ्यायचीस, ते यामुळे. तिनंच मला सांगू दिलं नाही. "त्यांना वाटू दे मला आवडत नाही," म्हणाली, "आजार किती आहे ते कळण्यापेक्षा ते बरं."

आता बाबांसाठी आकडे, कारण आकड्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही. किडनी देण्याच्या ऑपरेशनमध्ये जिवाला धोका साधारण दहा हजारांत तिघांना. लपवत नाही, आहे तो एवढा आहे. दुर्बिणीतून करतात, बहुधा डावी काढतात कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. तीन-चार तास ऑपरेशन, चार-पाच दिवस हॉस्पिटल, साधारण दीड महिना जड उचलायचं नाही. राहिलेली किडनी थोडी मोठी होते आणि दोघींचं मिळून जे काम होतं त्याच्या जवळपास सत्तर टक्के एकटीच ओढते. माणसाला तेवढं पुरतं. दर वर्षी बीपी, रक्त, लघवी तपासायची आणि ऊठसूट दुखण्यावरच्या गोळ्या खायच्या नाहीत, बास. नवी किडनी कल्याणीला जन्मभर पुरेल असंही नाही. पंधरा-वीस वर्षं चांगली चालते म्हणतात, कोणाची जास्त, कोणाची कमी. पंधरा वर्षांत चिनू कॉलेजात असेल. मला आत्ता तेवढं पुरे आहे.

जगातलं हे पहिलं यशस्वी ऑपरेशन बोस्टनला झालं, 23 डिसेंबर 1954 रोजी. हेरिक नावाचे जुळे भाऊ होते. रोनाल्डनं रिचर्डला किडनी दिली. रिचर्ड मरायला टेकला होता, तो त्यानंतर आठ वर्षं जगला, आणि शुद्धीवर येताना ज्या नर्सनं त्याची शुश्रूषा केली तिच्याशीच त्यानं लग्न केलं, मुलं झाली. आणि देणारा रोनाल्ड? तो पुढं गणिताचा मास्तर झाला, बाबा, तुमच्यासारखा, आणि 2010 साली, 79 व्या वर्षी गेला. म्हणजे एका किडनीवर छप्पन्न वर्षं. आपल्याकडे वेल्लोरला 1971 मध्ये पहिलं यशस्वी झालं. म्हणजे माझ्यावर काही नवा प्रयोग चाललेला नाही.

एका तपासणीची मात्र मला खरी धास्ती होती. बाई गरोदर असते तेव्हा बाळातला बापाचा अंश तिच्या रक्ताला परका लागू शकतो, आणि त्याविरुद्ध तिच्या अंगात लढणारं काहीतरी तयार होऊन बसतं. मग पुढं कधी नवऱ्याची किडनी लावली तर शरीर ती झिडकारतं. म्हणजे चिनूमुळेच माझी किडनी तिला चालली नसती असं होऊ शकत होतं. तो रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. कल्याणी म्हणत होती, नाही जुळली तर नाही, पण चिनूला यातलं कधी कळता कामा नये. रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे चांगला आला. त्या दिवशी मी तुम्हाला फोन करून उगाचच हवापाण्याच्या गप्पा मारल्या, बाबा म्हणाले, "आज काय पगार वाढला का?"

बाबा, आई मिरजेला दवाखान्यात होती ते वर्ष आठवतं मला. तुम्हाला वाटतं मी लहान होतो. पहाटे उठून तुम्ही आईचे कपडे घाटावर धुवायला न्यायचात, वाळत घालायचात, ताईची वेणी घालायचात, आणि मग सायकल काढून शाळेत. घाटावर लोक काय बोलायचे तेही मी ऐकलंय. तुम्ही एका शब्दानं उत्तर दिलं नाहीत, पिळून-पिळून लुगडी झटकत राहिलात. शनिवारी एसटीनं मिरजेला जाताना माझ्या मांडीवर डबा असायचा, आणि मला झोप लागली की तुम्ही तो हळूच काढून घ्यायचात. आता मला वाटेतून माघारी बोलवायला तुम्ही काही म्हणालात तर मी तुम्हाला तेच वर्ष काढून दाखवीन.

आई, अजूनही ताप आला की तुझा हात कपाळावर हवासा वाटतो. शुद्धीवर आल्यावर तूच पहिली दिसावीस असं मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय. पण रडायचं नाही. रडणार असशील तर ताईला आत पाठव.

आता व्यवस्था. रविवारी सकाळी सातला गाडी वाईला येईल. घरची किल्ली शेजारी काकूंकडे, तुळशीला पाणी त्या घालतील. दूधवाल्याला सांगितलंय, सिलिंडर नोंदवलाय, वीजबिल भरलंय. इथं तुमची खोली तयार आहे, पश्चिमेची नव्हे, गॅलरीकडची, उजेडाची. बाबांची पाठ लागते म्हणून कापसाची गादी करून घेतलीय. बाथरूममध्ये दांडा बसवलाय, तो धरूनच उठायचं, बाबा, "मला काय झालंय" म्हणायचं नाही. तिघांच्या स्वयंपाकाला मावशी येतील. आई, त्यांच्या हातचं अळणी लागलं तरी तू ओट्याशी जायचं नाहीस. तुमच्या गोळ्या ताई डब्यात भरून देईल, वारानुसार. त्या घ्यायच्या, वाचवून ठेवायच्या नाहीत.

कल्याणी घरी आली की सुरुवातीचे तीन महिने जपायचे. तिची रोगाशी लढायची ताकद मुद्दाम कमी करणारी औषधं असतात, नाहीतर शरीर किडनी स्वीकारत नाही. म्हणून बघायला कोणी येणार नाही, आत्यासुद्धा नाही. गर्दी नको, कोणाला सर्दी असेल तर दारातूनच परत. बाहेरचा प्रसाद नको, चिरलेली फळं नकोत. आणि परड्यातली पपनसं आणू नकोस, तिच्या गोळ्यांशी पपनसाचं जमत नाही. पाणी मात्र तिनं भरपूर प्यायचंय, डॉक्टरच सांगणार आहेत, दोन-तीन लिटर. माठातलं नाही, उकळून गार केलेलं. ते तुझं काम, आई. तिच्या उशाशी तांब्या रिकामा दिसता कामा नये.

मला डिंकाचे लाडू कर, थोडे. चिनूला मात्र आता मला कडेवर घेता येणार नाही, तेव्हा बाबा, त्याला गोष्ट सांगून झोपवायचं तुमच्याकडे. रामायणातल्या वानरांच्या ठेवा, भुताच्या नकोत, रात्री उठतो.

बाबांची ईसीजीची फाईल निळ्या पिशवीत आहे, कपाटाच्या खालच्या खणात, ती आणा. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढू नका. मोठी पातेली, पांघरुणं, काही नको, इथं सगळं आहे.

तुमचा,
नंदू

ता. क. आई, अंबाबाईला नवस बोलली असशील तर बोल, पण अनवाणी चालायचा बोलू नकोस. तुझी टाच आत्ताच बरी झालीय.