खाजनांचे बांध आणि मानशीचा लिलाव

महोदय,

गोव्यातील खाजन जमिनींचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या सखल शेतजमिनींचे, बांध फुटल्याच्या बातम्या वारंवार येतात. मात्र ही जमीन मुळात घडली कशी, हे त्या चर्चेत क्वचितच येते. हिमयुग ओसरल्यावर चढत गेलेल्या समुद्राने मांडवी आणि झुआरीची खोरी बुडवली, आणि काही हजार वर्षांपूर्वी तो चढ मंदावल्यावर तिवरांच्या मुळांशी गाळ साचून ज्या खारट दलदली तयार झाल्या, त्यांनाच गावकाऱ्यांनी (गावच्या सामुदायिक संस्थांनी) चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घालून शेतीखाली आणले. खरी करामत मानशीची (मानस म्हणजे बांधात बसवलेले पाण्याचे झडपदार). भरतीचे पाणी रेटू लागताच तिची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्यामुळेच येथे कोरगूट हे खारेपणा सोसणारे भात पिकते आणि मासळीही मिळते.

बांधाची किंमतही मोजावी लागते. भरतीचा गाळ बाहेरच अडल्याने आतली जमीन उंचावत नाही, ती भरतीच्या पातळीखालीच राहते, आणि समुद्र पुन्हा चढू लागलेला असताना एकच भगदाड अख्खे शेत खारवून टाकते. मासळीसाठी मानस अवेळी उघडी ठेवणाऱ्यांना हे कळत नसेल, असे वाटत नाही. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकारीकडून कूळ संघांकडे आली. या संघांनी बांधांची डागडुजी पावसाळ्यापूर्वीच उरकावी आणि मानशीवरील मासेमारीचा लिलाव करताना दारे केव्हा मिटायची, ही अट करारातच घालावी.

– एक वाचक, डिचोली