चौघींचा एक चेंडू

खारघर, नवी मुंबई

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी पहाटे मी गोल्फ खेळायला जाते हे कळल्यावर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत: हा श्रीमंतांचा खेळ परवडतो कसा, आणि नीट येत नसताना तो चारचौघांत खेळायचा संकोच कसा वाटत नाही. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. येथील कोर्स सिडकोचा, म्हणजे सरकारी कंपनीचा आहे, आणि खेळायच्या काठ्या मी मैत्रिणीकडून मागून घेते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण या पत्राचे खरे कारण त्यातच आहे.

एरवीच्या गोल्फमध्ये प्रत्येकाचा चेंडू वेगळा असतो आणि फटका चुकून तो झाडीत गेला, तर पुढचा फटका सहसा तिथूनच मारावा लागतो. आम्ही खेळतो त्या प्रकाराला स्क्रॅम्बल म्हणतात. त्यात संघातील चौघीही टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, फटका मारतात, त्यांतला सर्वांत सोयीच्या जागी पडलेला चेंडू निवडला जातो आणि बाकीच्या तिघी आपापले चेंडू उचलतात आणि चौघीही त्याच जागेपासून, साधारणतः एका काठीच्या लांबीच्या आत पण होलच्या, म्हणजे चेंडू जिथे घालायचा त्या खळग्याच्या, अधिक जवळ न जाता, पुढचा फटका मारतात. चेंडू होलमध्ये जाईपर्यंत हेच चालते आणि संघाचा एकच आकडा लिहिला जातो. माझे वाईट फटके त्यामुळे कुठेच नोंदले जात नाहीत. संकोच वाटावा असे काही उरतच नाही.

यातही डोके लागते. आमच्यातली एक मैत्रीण चांगली लांब मारते, पण तिचा चेंडू कधी कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून आधी मी सावकाश, सरळ फटका मारून एक चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या मोकळ्या गवताच्या पट्ट्यावर, सुरक्षित ठेवते आणि मग तिला जोर लावायची मोकळीक मिळते. टेक्सास स्क्रॅम्बल नावाच्या उपप्रकारात प्रत्येकीचा टीवरचा फटका ठरावीक वेळा वापरावाच लागतो. तोच नियम आपण पाळावा असा आग्रह मी धरला, कारण नाहीतर एकटी तीच खेळते आणि उरलेल्या तिघी नुसत्या तिच्या मागे फिरतात. खरे सांगायचे तर सर्वांत जास्त वेळ चेंडू शोधण्यात जात नाही, कोणता चेंडू निवडायचा या वादात जातो, आणि आई, तो मिटवायला तुझ्यासारखे कोणीतरी हवे असे मला अनेकदा वाटते.

हे खरे गोल्फ नव्हे असे जुने खेळाडू म्हणतात आणि त्यांचे बरेचसे बरोबर आहे. स्वतःच्या खेळाची पातळी यातून कळत नाही, आणि म्हणून हा आकडा कोणाच्या हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या अंकासाठी, धरला जात नाही. पण चार वेगवेगळ्या ताकदीच्या माणसांना एका सकाळी एकत्र खेळवायचे असेल, तर याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

आता मुद्द्याचे. आमच्यातली एक मैत्रीण नोकरीनिमित्त पुण्याला जात आहे आणि तिची जागा, बाबा, तुम्ही घ्यावी अशी माझी इच्छा आहे. खांदा दुखतो, लांब फटका जमणार नाही, हे तुम्ही म्हणालच. पण संघातील निम्मे काम ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे असते, जिथे चेंडू हळुवार ढकलत होलपर्यंत न्यायचा असतो. तेथे चौघांनाही एकाच ठिकाणाहून चार संधी मिळतात, पहिल्याच्या चेंडूवरून उतार कळतो आणि नजर पक्की असलेला माणूस शेवटी मारतो. कॅरमच्या स्ट्रायकरने कडेची सोंगटी अलगद खिशात सोडणारी तुमची नजर या कामाची आहे. गोल्फचा चेंडू आकाराने स्ट्रायकरहून किंचितच मोठा, सुमारे 43 मिलिमीटर व्यासाचा असतो, पण 46 ग्रॅमच्या आसपास वजनाचा, म्हणजे स्ट्रायकरच्या तिप्पट जड. होल 108 मिलिमीटर रुंद असते. आकडे ऐकून काम सोपे वाटेल, पण गवत आणि उतार दोन्ही चेंडूला आपल्या मनाप्रमाणे जाऊ देत नाहीत. टीवरचे तुमचे फटके वापरण्याची सक्ती मी मैत्रिणींना सांगून रद्द करून घेईन.

दिवाळीनंतर पाऊस पूर्ण सरलेला असतो, तेव्हा या. चिपळूणहून थेट पनवेलची तिकिटे मी काढते आणि स्टेशनवर घ्यायलाही येते. बाबांनी सपाट तळाचे बूट आणावेत. सगळा कोर्स चालणे जमत नसेल तर सुरुवातीच्या काही होलपुरतेच (टीपासून खळग्यापर्यंतच्या एका टप्प्यालाही होलच म्हणतात) खेळू, त्याबद्दल मी तेथे आधी विचारून ठेवीन. आईने चालायचे की सावलीत बसायचे हे तिने ठरवावे. कोणता आठवडा सोयीचा आहे ते लवकर कळवा, म्हणजे मैत्रिणींना तारीख सांगता येईल.

आपली लेक