भिंतीवरच्या बिया

चिपळूण,
१४ ऑगस्ट

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला. कारण ऐकून हसशील: तीन आठवडे एका अळीच्या नादी लागलोय.

होस्टेलच्या खोलीत पावसाळ्यात भिंतीवर राखाडी, चपट्या बिया दिसायच्या, आठवतं? हुबेहूब भोपळ्याच्या. मी त्या केरसुणीने झाडायचो. अरे, ती घरं होती! आत एका बारक्या पतंगाची अळी राहते. परवा न्हाणीघराच्या ओलसर भिंतीवर एक बी चालताना दिसली. चष्मा लावून पाहिलं, तर टोकातून काळपट डोकं आणि सहा पाय बाहेर. आधी स्वतः पुढे सरकायचं, मग घर ओढून घ्यायचं. बोट लावलं की आत गडप. जरा थांबलो, तर बाई दुसऱ्या टोकातून डोकावल्या! दोन्हीकडे दारं, आणि मधे घर रुंद, म्हणून आतल्या आत वळता येतं.

घर जेमतेम सेंटिमीटरभर. आतून रेशीम, बाहेरून वाळूचे कण, गिलाव्याची माती, धागे, जे सापडेल ते. खाणं म्हणजे जुनी कोळिष्टकं, मेलेले किडे, केस, लोकर. (आता कोळिष्टकं न काढायला मला कारण मिळालं, हिला मात्र ते पटलेलं नाही.)

तुमच्या सोलापूरकडे बाभळीला काड्यांच्या इवल्या मोळ्या लटकतात ना, त्यांतही अशीच अळी असते. तिथल्या मादीला तर पंखच फुटत नाहीत, जन्म मोळीतच जातो.

पण खरी गंमत कपडे खाणाऱ्या कसरीची. १८व्या शतकात फ्रान्समधल्या रेओम्यूर नावाच्या कीटक-अभ्यासकाने ती अळी एका रंगाच्या लोकरीवरून दुसऱ्या रंगाच्या लोकरीवर ठेवली. जिथे नवा रंग दिसला, तिथे घर वाढलेलं! लांबी वाढवायला ती टोकांना भर घालते. रुंदीसाठी घर चक्क उभं कापते आणि मधे नवा तुकडा बसवते. झब्ब्याला कळी घालतात ना, तस्सं. शिंप्याकडे न जाता.

मग मीही आमचीला बरणीत घातलं आणि नातीच्या लाल स्वेटरची लोकर पिंजून टाकली. नवव्या दिवशी दाराशी लालसर तूस दिसलं. घरभर नाचलो. आता मात्र चार दिवस ती हललेली नाही, घर झाकणाला घट्ट चिकटलंय. कोषात गेली की मेली, कोण जाणे. रोज चहाआधी बरणी बघतो.

गणपतीला येशील तेव्हा तुझी शाल घेऊन जा. गेल्या खेपेला विसरलास ती. तिला सात भोकं पडलीत, आणि या वेळी संशय माझ्यावर घेऊ नकोस.

तुझा,
बाळ्या